पाच वाजताचा कोरा

आमच्या घरासमोरचं भात परवा कापलं. हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आता शेतं अशी फारशी उरलेली नाहीत. दगड रोवून प्लॉट पाडलेत, आणि अशा दोन प्लॉटांच्या मधे हा एक तुकडा अजून तग धरून आहे. त्याचा मालक दरवर्षी सांगतो, पुढच्या वर्षी नाही पेरणार. दरवर्षी पेरतो. कापणी झाली की चार दिवस सगळ्या गल्लीत पिंजराचा वास भरून राहतो. भाताच्या वाळल्या काडाला आमच्याकडे पिंजर म्हणतात. त्या वासात थोडी धूळ असते, थोडा गोडवा असतो, आणि नाक चोंदवण्याची ताकद तर पुरेपूर असते. मला तो आला की आधी शिंका येतात, आणि मग संध्याकाळी पाचच्या सुमाराला कान आपोआप जिन्याकडे लागतात.

जिन्यावर आता कुणी नसतं. वरची खोली बंद आहे. तिथं जुन्या गाद्या आणि माझ्या शाळेचे तपासून झालेले पेपर ठेवलेत. पण कानाला हे कोण सांगणार?

कोरा हा आपल्याकडे किती कामाचा शब्द आहे. कागद कोरा, कापड कोरं, चेहरा कोरा, आणि चहा कोरा. ज्यात अजून काही पडलेलं नाही ते कोरं. कागदावर शाई नाही, कापडाला पाणी लागलेलं नाही, चहात दूध नाही. पन्नाशीला येईतो मी हा शब्द वापरत आले. वीस वर्षं लष्कराच्या कॅम्पातल्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणजे शब्दांशी रोजचाच संबंध. पण ह्या शब्दाला एकवीस तारा असतात, हे मला चार सुग्यांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी आप्पा गेले. माझे वडील. आषाढात गेले, आणि आमच्या घरातले संध्याकाळचे पाच त्यांच्याबरोबर गेले. पाच वाजले की त्यांना दुधाचा चहा लागायचा, बशीत ओतून, आणि शेजारी रेडिओ. रेडिओ ऐकण्यापेक्षा त्याचा काटा फिरवण्यातच त्यांना जास्त रस होता. धारवाडचं कन्नड गाणं थोडं, मग खरखर, मग सांगलीचं मराठी थोडं, पुन्हा खरखर. आई म्हणायची, एकावर तर थांबा. ते थांबायचे नाहीत. तीही समोर बसून चहा प्यायची आणि उठायची नाही.

ते गेल्यावर आईनं चहा सोडला. माणूस गेलं की मागं राहिलेलं कुणी एखादी आवडती वस्तू सोडतं, त्यात नवल नाही. पण आई चहावर थांबली नाही. गच्ची सोडली, कारण संध्याकाळी आप्पा तिथं फेऱ्या घालायचे. शेजारच्या आक्कांकडे जाणं सोडलं. मग रेडिओवरचं फडकं काढणं सोडलं. गणपती आले आणि गेले, तोवर बोलणंही सुटत चाललं होतं. मी विचारायची, जेवलीस? ती मान हलवायची. माझा चहा मी करून घ्यायची तेव्हा ती स्वयंपाकघरातून उठून जायची, तिला वासही नको असायचा. मला खरंच भीती वाटायची. सोडण्यासारखं तिच्याकडे आता फार थोडं उरलंय, असं वाटायचं.

वरची खोली भाड्यानं दिली ती त्याच भीतीपोटी. घरात पायांचा आवाज हवा होता. माझ्या बेंगळुरूच्या भावाला पसंत नव्हतं, आणि भाडेकरू कोण हे कळल्यावर तर अजिबातच नाही. लामिन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि आफ्रिकेच्या पश्चिम टोकाच्या गाम्बियातून आला होता. मी ॲटलास काढून आईला तो देश दाखवला. नदीच्या दोन काठांना चिकटून बसलेली एक बारीकशी पट्टी. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढासाच हाय व्हय?" आठवड्यातलं ते तिचं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

गल्लीतल्या दोघा-तिघांनी चौकशी केली. त्यात काळजी कमी आणि पंचाईत जास्त होती. मी स्वतःला शहाणी समजत होते, पण पहिले आठ दिवस मीही त्याच्याशी उगाच मोठ्यानं, एकेक शब्द तोडून इंग्रजी बोलत होते, जसा काही तो बहिराच आहे. शेवटी त्यानंच एकदा अगदी हळू आवाजात, हसून सांगितलं की त्याला नीट ऐकू येतं.

तो सामान घेऊन आला तो दिवस दसऱ्यानंतरचा. समोरचं भात पिवळं पडायला लागलं होतं. पाठीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, वर लांब दांडा आणि खाली मोठं गोल पोट. आई दारात उभी होती. तिनं हातानंच विचारलं, हे काय? लामिन म्हणाला, "कोरा."

आई आत वळली. मला म्हणाली, "कोरा चहा मागतोय. दूध चालत नसंल त्यांच्यात."

खरं काय ते मला पाच मिनिटांत कळलं, कारण मी वर जाऊन ते वाद्य पाहिलं; त्याचंच नाव कोरा. पण खाली आले तेव्हा आईनं गॅसवर भांडं ठेवलं होतं. चहाचं भांडं. आप्पा गेल्यावर तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तिनं कप घेतला, कठड्याला धरून सतरा पायऱ्या चढली, आणि त्याच्यापुढं कप ठेवून म्हणाली, "कोरा." लामिनला वाटलं, घरमालकीणबाई वाद्य ऐकायला आल्यात. त्यांच्याकडे असं कुणी दारात येऊन म्हटलं तर नाही म्हणायची रीत नाही. त्यानं चादर सोडली आणि वाजवायला बसला.

ते वाद्य कसं असतं ते सांगते. अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं चामडं. भोपळ्यातून आरपार गेलेला लाकडी दांडा, आणि चामड्यावर उभी एक उंच घोडी. तिच्या दोन्ही अंगांना खाचा, एका बाजूला अकरा तारा, दुसऱ्या बाजूला दहा. तारा म्हणजे नायलॉनच्या दोऱ्या, मासे धरायच्या गळाला असतात तशा. वाजवणारा ते स्वतःकडे तोंड करून मांडीत धरतो, दोन्ही हातांनी तारांच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन दांड्या पकडतो, आणि फक्त अंगठे आणि पहिली बोटं चालवतो. भोपळ्याला बाजूनं एक भोक असतं. त्यात लामिन खोलीची किल्ली ठेवायचा. आईनं मला विचारलं होतं, चामडं कशाचं. मी म्हटलं, जनावराचं. तिनं पुढं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि आवाज. मी लिहायला बसले की इथं अडते. अंगठे खाली एक संथ चाल धरून ठेवतात, आणि वर बोटं सारखी सांडत राहतात. भरल्या घागरीत ओंजळीतलं पाणी थेंबाथेंबानं सोडावं तसं काहीसं. पण ते पाणी कुठं जाऊन पोचत नाही, पुन्हा वळून ओंजळीत येतं. ऐकताना गाणं सुरू कधी झालं ते कळत नाही, आणि संपलं की वाटतं, अजून चालूच असेल, आपणच बाहेर आलो.

आईला ह्यातलं काही सांगायचं नव्हतं. तिला कप न्यायचा होता. भांडं वर राहिलं की विसरतं, हा तिचा जुना नियम, म्हणून ती पायरीवर बसून राहिली. आणि समोर कुणी ऐकायला बसलेलं असताना आपण चहा पीत बसणं लामिनला बरं दिसेना, म्हणून तो वाजवत राहिला. अर्ध्या तासानं वाजवणं थांबलं. त्यानं गार चहा एका घोटात संपवला, तिनं कप उचलला, दोघांनी एकमेकांना मान लववली.

दुसऱ्या दिवशी पाचला आई पुन्हा उठली. म्हणाली, "पोरगं वाट बघत असंल."

असं रोज सुरू झालं. आई मला सांगायची, चहा गार करूनच पितो, काय एकेकाची सवय. आणि लामिन मला जिन्यात गाठून सांगायचा, तुमच्या आईला संगीताची फार ओढ आहे, एक दिवस चुकवत नाहीत, माझा अभ्यास राहिला तरी मी त्यांना नाही कसं म्हणू. दोघं एकमेकांवर उपकार करत होते, दोघांनाही त्याचा थोडा भारच होत होता, आणि मधे मी उभी, दोन्ही बाजू ठाऊक असलेली एकटी. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. वर्गात मुलांची छोटी चूकसुद्धा मी सोडत नाही. ही मात्र जपून ठेवली. आई सतरा पायऱ्या चढत होती, एवढंच मला दिसत होतं.

थंडी पडायला लागली. समोर कापणी झाली, पेंढ्या बांधल्या, मळणीची धूळ आमच्या खिडक्यांच्या गजांवर बसली. कोरड्या वाऱ्यानं कोऱ्याचं चामडं ताणलं जायचं आणि तारा चढायच्या, मग लामिनला वाजवण्याआधी बराच वेळ त्या लावत बसावं लागायचं. एक तार, मग कान, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मला तो वेळ कंटाळवाणा वाटायचा. आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "गाण्यापरीस मला त्ये आधीचं आवडतंय. सारखं शोधत असतोय, सापडलं की सोडून दुसरं शोधाय लागतोय." नंतर बराच वेळ ती देठ मोडत राहिली. त्या रात्री रेडिओवरचं फडकं धुवून वाळत घातलेलं मला दिसलं.

हळूहळू ती बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती त्याच्याबद्दल. मी तिला सांगितलं की लामिनचं घराणं पिढीजात कोरा वाजवणाऱ्यांचं. त्यांना जाली म्हणतात. बारशाला, लग्नाला जायचं, त्या घराच्या पूर्वजांची नावं एकामागून एक गाण्यात गुंफायची, हे त्यांचं काम. वडील अजून करतात, हा मात्र यंत्रं शिकायला इकडं आला. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे हेळवीच की ह्यो," ती म्हणाली. "बैल तेवढा न्हाय."

तिचं माहेर निपाणीजवळचं, तंबाखूच्या वासातलं. तिथं सुगी झाली की हेळवी यायचा, बैलावर बसून. कट्ट्यावर बसून वही उघडायचा आणि त्या घराच्या सात-आठ पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा. सूपभर धान्य घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. ती लहानपणी खांबाआड उभी राहून ऐकायची. पणजोबा, आजोबा, वडील, चुलते, दोन्ही भाऊ. दरवर्षी ती वाट बघायची आणि दरवर्षी वही भावांवर येऊन मिटायची. हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोरी दुसऱ्याच्या वहीत जातात, म्हणाली. मग हसली, आणि म्हणाली, तिथंबी कुणी लिवलं न्हाय.

ही हेळव्याची गोष्ट मी लामिनला जशीच्या तशी सांगितली. त्याला ती फार आवडली. त्यानं हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोकडे बोट करून आप्पांचं नाव विचारलं. मी सांगितलं, सदाशिव. मग आईचं विचारलं, आणि लगेच म्हणाला, त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं सांगा. कागदोपत्री आई सुशीला आहे, पण ते सासरचं. माहेरी ती इंदू होती. तिला त्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आणि मग चूक उघडी पडली, ती कॅम्पातल्या एका चहाच्या गाड्यावर. लामिन मित्रांबरोबर तिथं उभा होता. चहावाल्यानं त्याला सहज विचारलं, दुधाचा का कोरा. लामिन आधी चक्रावला, मग त्यानं नीट विचारून घेतलं, आणि घरी आला तो जिन्याखालीच पोट धरून हसत. आई कप घेऊन नुकती निघाली होती. त्यानं तिला आपल्या मोडक्या हिंदीत, अगदी मजेनं समजावून सांगितलं. कपाकडे बोट केलं, ये भी कोरा. वर खोलीकडे बोट केलं, वो भी कोरा.

आईला हिंदी चांगली कळते. ती हसली, त्याच्यासाठी. कप त्याच्या हातात दिला, आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं?"

मी होय म्हटलं.

"आणि मी रोज येड्यावानी चहा घिऊन वर जात हुते."

"तू जात होतीस म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हटलं.

तिनं शेगडी पुसली, चहाचं भांडं घासून सगळ्यांत वरच्या फळीवर पालथं ठेवलं आणि आपल्या खोलीत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी पाच वाजले आणि ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला लाज वाटत होती, आणि ती लाज मी आणली होती. मी तिला परत आणायला निघाले आणि होती तिथूनही मागं ढकललं, असं वाटून मला शाळेत धड शिकवता येईना. वरूनही आवाज नव्हता. लामिन खाली येऊन विचारून गेला, मी हसलो म्हणून त्या रागावल्यात का. मी त्याला सगळं सांगितलं. आप्पांचे पाच, सोडलेला चहा, सतरा पायऱ्या. तो खांबाला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, चहा आमच्याकडेही बिनदुधाचाच उकळतात, मला तो गरम प्यायला खरं तर आवडला असता.

चौथ्या दिवशी पाच वाजता जिन्यावर पावलं वाजली. वरून खाली येणारी. लामिन कोरा मांडीशी धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, फरशीवर बसला. आई ओट्यापाशी पाठमोरी, लसूण सोलत होती. तो म्हणाला, "आई, कोरा."

मागत होता की देत होता, मला अजून सांगता येत नाही. आई लसूण सोलतच राहिली. त्यानं तारा लावायला घेतल्या. एक, मग कान, मग दुसरी. बराच वेळ तेवढंच चाललं, नेहमीपेक्षा जास्त. मला वाटतं, तो मुद्दाम करत होता. मग अंगठ्यांनी चाल धरली, आणि तो गायला लागला. आमच्याकडे तो कधी गायला नव्हता, नुसता वाजवायचा. शब्द त्यांच्या भाषेतले, मला एक कळेना. आणि त्या न कळणाऱ्या शब्दांतून एकाएकी एक कळणारा आला. सदासिबु. जरा वाकलेला, पण तोच. आईनं ते नाव जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, नवऱ्याचं नाव ती घेत नसे. आम्ही आप्पा म्हणायचो. तेरावा झाल्यापासून आमच्या घरात ते नाव कुणाच्याच तोंडून आलं नव्हतं.

आईचे हात थांबले. गाणं वळून वळून पुन्हा तिथं आलं, सदासिबु, आणि त्याच्या मागोमाग, अगदी स्पष्ट, इंदू.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "इंदू म्हणला व्हय त्यो?"

मी मान हलवली. 

"कुणी सांगितलं त्येला?"

"मी."

"लबाड हाईस," आई म्हणाली. पदरानं तिनं डोळे पुसले, लसणाचे हात तसेच, त्यामुळे ते आणखीच झोंबले आणि तिला आणखी पुसावे लागले. मग ती चवड्यांवर उभी राहिली आणि वरच्या फळीवरचं भांडं काढलं. पाणी ठेवलं, साखर घातली, पत्ती घातली. पाणी किती कपांचं, हे मी मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते. एक कप तिनं लामिनपुढं ठेवला आणि हातानं खूण केली, आधी पी. एक माझ्यापुढं सरकवला. तिसरा घेऊन ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, त्याच्यासमोर बसली, बशीत ओतला, फुंकला आणि प्याली.

लामिन पुढच्या उन्हाळ्यात गेला. कोरा पुन्हा चादरीत गुंडाळून, भोपळ्यातली आमची किल्ली आठवणीनं काढून देऊन. तिकडं आता नोकरी करतो, आणि बारशाला बोलावणं आलं तर वडिलांबरोबर वाजवायला जातो म्हणे. जाण्यापूर्वी मी त्याचं वाजवणं फोनवर साठवून घेतलं होतं. आईच्या हट्टापायी तारा लावण्याचा आवाजही घेतला, तोच जास्त लांब आहे.

दूध आई चहात आजही घालत नाही. गुडघ्यांपायी जिना मात्र आता खरोखरच सुटला, पण हे सुटणं इलाज नसलेलं, त्याचं मला भय वाटत नाही. परवा पिंजराचा वास घरात शिरला, मी शिंकले, घड्याळात पाच वाजले. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "कोरा?"

मी फोन शोधता शोधता म्हटलं, "दोन्ही."